पहारा हाय का?

सकाळी खोलीत पाऊल टाकलं की खांद्यावरची पर्स खाली ठेवायच्या आधी आपा विचारायच्या, "पहारा हाय का?"

जो कोणी आधी येऊन बसलेला असेल त्यानं सर्व्हरला विचारायचं, पडद्यावर काय उमटलं ते वाचायचं आणि मोठ्यानं "हाय" म्हणायचं. मगच पर्स खाली, मगच चहा. एकदा नव्यानं लागलेल्या एका मॅडमनी न बघताच "असेल" असं उत्तर दिलं. आपांनी पर्स तशीच खांद्यावर ठेवून त्यांच्याकडं पाहिलं. "नवरदेव मांडवात हाय का म्हणून विचारलं, तर असेल म्हनता का? उठून बघता ना?" त्या मॅडम आता घड्याळात किती वाजले हेसुद्धा दोनदा बघून सांगतात.

तुमच्याही ऑफिसात असं एक माणूस असणार. त्याच्या नावानं सगळे कुरकुरतात, आणि ते रजेवर गेलं की सगळ्यांनाच उघड्यावर पडल्यासारखं वाटतं. आमच्या नांदेडच्या दवाखान्यात ते माणूस म्हणजे आपा. सर्व्हरच्या खोलीचा सगळा कारभार त्यांच्याकडं होता आणि मी त्यांच्या हाताखाली. वय पन्नाशीच्या आसपास. लग्न केलं नव्हतं, आणि का केलं नाही हे विचारायची कोणाची छाती नव्हती. खोलीत एसी सारखा चालू, त्यामुळं बाहेर नांदेडचा मे महिना भाजून काढत असला तरी आपांच्या अंगात एक पुरुषी, तपकिरी स्वेटर. कोपरावर ठिगळ. "भाईजानचा हाय. त्याला बारीक झाला, मला मोठा हाय, चालतंय," एवढंच त्या सांगायच्या.

पहारा म्हणजे काय ते सांगतो, कारण सगळं त्याच्यावरच आहे. सर्व्हरमधल्या प्रत्येक फाइलवर एक चिठ्ठी असते आणि प्रत्येक प्रोग्रॅमवरही असते. कोणत्या चिठ्ठीच्या प्रोग्रॅमनं कोणत्या चिठ्ठीच्या फाइलला हात लावायचा हे आधीच ठरवून ठेवलेलं असतं. जुळलं नाही की पहारा अडवतो, मग हुकूम खुद्द सर्व्हरच्या मालकाचा का असेना. मी नवा असताना आपांनी हे एका वाक्यात समजावलं होतं. "डबा द्यायचा पास घेऊन ऑपरेशनच्या खोलीत जाता येतं का? न्हाई ना? मग झालं."

आता ही गोष्ट दवाखान्याच्या मालकांना, म्हणजे आमच्या मोठ्या सरांना, कोण सांगणार? त्यांनी एकदा नातवाच्या वाढदिवसाचे फोटो बाहेरच्या हॉलमधल्या टीव्हीवर लावायचं मनावर घेतलं. स्वतःच्या फोल्डरातून उचलून टीव्हीच्या फोल्डरात टाकले. टीव्ही काळाच. सर तणतणत खाली आले. "माझा दवाखाना, माझा टीव्ही, माझा नातू, आणि मलाच नाही?"

"मालकाला बी न्हाई, सर," आपा म्हणाल्या. "मालकालाच आधी न्हाई."

मग शांतपणे त्यांनी कारण दाखवलं. फोटो सरांच्या स्वतःच्या फोल्डरातून, म्हणजे सर्व्हरच्या भाषेत सरांच्या 'घरातून', हलवले होते, आणि हलवलेली फाइल जुनी चिठ्ठी घेऊनच येते. त्यामुळं टीव्हीच्या फोल्डरात येऊनही फोटोंवर चिठ्ठी घरचीच होती. नक्कल काढून टाकली असती तर नव्या जागेची चिठ्ठी आपोआप लागली असती. पण नकला काढायला आपांचीच बंदी होती, कारण आमच्या दवाखान्यात जो तो एकाच गोष्टीच्या चार नकला करून डिस्क भरून टाकायचा. त्यांचा नियम ठरलेला, "हलवा, आन् हलवलं की चिठ्ठी बदला. दोन कामं हायत, एक न्हाई." चिठ्ठी बदलली, नातू टीव्हीवर झळकला, आणि सरांनी त्या दिवशी खोलीत पेढे पाठवले.

पहारा बंदही करता येतो. एक शब्द टाइप करायचा, बस. अडलेला प्रत्येक माणूस आपांना तेच सांगायचा, जरा वेळ बंद करा ना. त्यावर आपांचं उत्तर ठरलेलं, "बंद करनं सोपं हाय. चालू कोन करतंय?" हे त्या पुस्तकातून शिकल्या नव्हत्या. त्या रजेवर असताना बाहेरून आलेल्या एका इंजिनिअरनं काम अडलं म्हणून पहारा बंद केला, काम उरकलं आणि गाडी पकडून निघून गेला. पुन्हा चालू करायचं राहूनच गेलं. पुढं कुठूनसा व्हायरस शिरला आणि दवाखान्यातला रिपोर्टन् रिपोर्ट कुलूपबंद झाला. किडनीचे पेशंट जुन्या रिपोर्टांसाठी रडकुंडीला आले होते. तेव्हापासून सकाळचा तो प्रश्न सुरू झाला.

आपांच्या या भावाला, भाईंना, मी आपांच्या आधीपासून ओळखत होतो. आमची अर्धापूरला केळीची बाग आहे, आणि भाईंचा टेम्पो आमच्या केळी न्यायचा. मोठ्या तोंडाचा, मोठ्या हाताचा माणूस. एका हातानं केळीचा घड खांद्यावर टाकायचा आणि दुसऱ्या हातानं माझ्या वडलांशी हातवारे करत भांडायचा. आपा आणि भाई नांदेडच्या इतवारा मोहल्ल्यात एका भिंतीला लागून राहायचे. त्यांच्या वडलांनी घराचे दोन भाग करून दिले होते, आणि मधल्या भिंतीला एक दार ठेवलं होतं. त्या दाराला दोन्ही बाजूंनी कड्या होत्या, पण लावलेल्या कोणी बघितल्या नव्हत्या. भाभींच्या हातचं कालवण त्या दारातून इकडं यायचं, आपांचा आवाज त्या दारातून तिकडं जायचा. सर्व्हरवर मुंगी शिरू न देणारी बाई घरात दार सताड उघडं टाकून झोपते, यावरून मी त्यांना चिडवलंसुद्धा होतं. "तिथं कोन येतंय ते मला माहीत हाय की," त्या म्हणाल्या होत्या.

आता त्या दिवसाचं सांगतो.

तालुक्याच्या छोट्या दवाखान्यांत काढलेले डोक्याचे स्कॅन आमच्या सर्व्हरवर येतात आणि आमचे मेंदूचे डॉक्टर ते बघून पुढं काय करायचं ते सांगतात. या बाहेरगावच्या स्कॅनचं फोल्डर भरत आलं होतं. त्या दिवशी सकाळी आपांनी सर्व्हरवरच्या स्वतःच्या 'घरात' नवं फोल्डर नीट तयार केलं आणि तिथून उचलून जुन्याच्या जागी बसवलं. तेवढ्यात त्यांचा मोबाईल वाजला. भाईच होते, माल घेऊन बिलोलीकडं निघालेले. येताना काय आणू, असं काहीतरी विचारत असावेत, कारण आपा हसत हसत बोलत बाहेर व्हरांड्यात गेल्या. परत आल्या तेव्हा पॅथॉलॉजीतून कोणीतरी बोलवायला उभंच होतं.

दुपारी पुन्हा त्यांचा मोबाईल वाजला. या वेळी त्या हसल्या नाहीत. उभ्याच राहिल्या. टेम्पोवर माल बांधताना दोरी तुटली होती आणि भाई वरच्या थरावरून डांबरी रस्त्यावर डोक्यावर पडले होते. बरोबरच्या हमालानं त्यांना बिलोलीच्या एका दवाखान्यात नेलं होतं. शुद्ध नव्हती. डोक्याचा स्कॅन काढून झाला होता आणि तो आमच्याकडं निघाला होता.

"येईल आत्ता. डॉक्टर वरच हायत," आपा मला म्हणाल्या, म्हणजे स्वतःलाच म्हणाल्या.

स्कॅन आला. सर्व्हरवर फाइल दिसत होती. वर डॉक्टरांच्या पडद्यावर मात्र नुसती रिकामी चौकट. त्या दिवसातला बाहेरगावचा तो पहिलाच स्कॅन होता.

मोठे सर जिना उतरून धावत आले. त्यांना मी आयुष्यात एकदाच धावताना पाहिलं. "मॅडम, उघडत नाही तो! तिकडं अँब्युलन्स सुरू करून ठेवलीय. इकडं आणायचं, की तिकडनंच हैदराबादच्या रस्त्याला लावायचं, हे चित्र बघितल्याशिवाय डॉक्टर सांगत नाहीत. मोबाईलवर फोटो मागवला होता, त्यात धड काही दिसत नाही."

"पहारा अडवून राहिला, सर."

"मग काढा तो पहारा!"

आपा खुर्चीत बसल्या होत्या. हात कीबोर्डवर होते. एक शब्द टाइप करायचा होता. मी त्यांच्या बोटांकडं बघत होतो आणि मनातल्या मनात म्हणत होतो, टाका आपा, आज टाका, आज कोणी काही म्हणणार नाही.

"कामून अडवला ते आधी बघू द्या," त्या म्हणाल्या.

"मॅडम, तुमचा भाऊ आहे तो!"

"माहीत हाय, सर."

मी म्हणालो, "आपा, निदान नुसत्या नोंदीवर टाकू या?" पहाऱ्याचा तसाही एक प्रकार असतो. तो अडवत कोणाला नाही, कोण आलं-गेलं तेवढं लिहून ठेवतो.

"म्हंजी चोर गेला म्हणून लिहून ठेवायचं? न्हाई. मागच्या खेपेला बी असंच, जरा वेळ म्हणून केलतं. आत काय झालंय ते माहीत नसताना मी उघडनार न्हाई. कोनासाठीच न्हाई." त्यांनी चष्मा काढला, स्वेटरच्या बाहीनं पुसला, घातला आणि परत काढला. "अर्धापूरवाले, तुम्ही वाचा. मला दिसंना."

मी त्यांच्या बाजूला वाकलो. पहाऱ्यानं नाकारलेल्या गोष्टींच्या ओळी पडद्यावर होत्या, एकीखाली एक, सगळ्या दवाखान्याच्या. त्यातून आपली ओळ शोधायची होती. मागं सर येरझाऱ्या घालत होते. वरून इंटरकॉम वाजला. सरांनी उचलला, "हो, हो, बघतायत," म्हणाले आणि आपटून ठेवला. माझी नजर त्याच त्या ओळींवरून घसरत होती. तुम्ही कधी घाईत चावी शोधली असेल तर तुम्हाला कळेल. समोर असते आणि दिसत नाही.

"सापडली," मी म्हणालो.

"कोन आलतं?"

"चित्र दाखवणारा प्रोग्रॅम."

"कशाला हात लावला?"

"बिलोलीच्या स्कॅनला."

"चिठ्ठी कसली हाय त्याच्यावर?"

मी वाचली. पुन्हा वाचली. "घरची."

आपा हलल्या नाहीत. "फोल्डर कोनाचं हाय?"

मला सांगावंसं वाटेना. पण त्या खोलीत न बघता उत्तर द्यायची सोय नव्हती, आणि बघून खोटं सांगायची तर नव्हतीच. "तुमचं, आपा. सकाळी हलवलेलं."

दोन कामं होती, त्यातलं एक राहिलं होतं. फोल्डरवर घरचीच चिठ्ठी राहिली, आणि आत आलेल्या स्कॅनलाही तीच लागली. फोन आला होता ना.

आपा पुढं सरकल्या. चष्मा चढवला आणि टाइप करायला लागल्या. फोल्डरची चिठ्ठी बदलली, आतल्या स्कॅनची बदलली, ठीक झाल्याची खात्री केली. हे व्हायला पाणी प्यायला लागतो तेवढाच वेळ लागला. आधीचा वेळ सगळा आमच्या बोलण्यात आणि माझ्या वाचण्यात गेला होता. इंटरकॉम वाजला. सरांनी ऐकलं आणि भिंतीला टेकले. "दिसलं. इकडंच आणा म्हणतात. ऑपरेशनची तयारी करतायत."

मला वाटलं आता आपा उठून धावतील. त्या बसूनच होत्या. समोर बघत त्यांनी विचारलं, "पहारा हाय का?"

मी बघितलं. "हाय."

तेव्हा त्या उठल्या, आणि दारापर्यंत जाऊन चौकट धरून रडल्या. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं आणि पुन्हा पाहायची इच्छा नाही.

भाई वाचले. डावा हात मात्र खांद्याच्या वर जाईना, बोटांत जोर येईना. मेंदूच्या डॉक्टरांनी आपांना बसवून सांगितलं, की तेवढ्या वेळानं काही फरक पडलेला नाही, हात पडल्या क्षणीच गेला होता. मोठे सरही म्हणाले, "मॅडम, झालं ते आपल्या खोलीत राहू द्या. कोणाला कळायची गरज नाही." सरांविषयी माझं मत फार चांगलं नाही, पण त्या दिवशी ते खरोखर प्रेमानं बोलले.

आपांनी ऐकलं नाही. अतिदक्षता विभागाच्या बाहेर भाभी बाकावर बसल्या होत्या. आपा त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि सगळं सांगितलं. फोल्डर मी हलवलं, चिठ्ठी बदलायची मीच विसरले, पहारा बंद करता आला असता तो मी केला नाही, त्यामुळं चित्र उशिरा दिसलं. डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलंच नाही. मी जरा लांब उभा होतो. मला ओरडावंसं वाटत होतं, की अहो आपा, तेवढं तरी सांगा.

भाभींनी मान वर केली. मग म्हणाल्या, "मेरा आदमी उधर पड्या था, और तू इधर पढते बैठी थी?"

आपांनी मान हलवली. हो म्हणून.

भाई घरी आले त्या संध्याकाळी भाभींनी मधल्या दाराला आपल्या बाजूनं कडी घातली. कडीचा आवाज ऐकून आपांनीही आपल्या बाजूची घातली. हे मला पुढं भाईंनी सांगितलं. आपांनी एवढंच सांगितलं, की लातूरला आपल्या दवाखान्याचं नवं सेंटर निघतंय, तिथं बदली मागितली आहे. मी म्हटलं, "आपा, भाई रागावलेत का? एकदा विचारा तरी." त्या म्हणाल्या, "बिमार मानसाला काय विचारायचं? हो म्हनला तर मी काय करू?" जाताना खोलीची चावी माझ्या हातात दिली आणि माझ्याकडं बघून एवढंच म्हणाल्या, "हलवलं की?"

"चिठ्ठी बदला," मी म्हणालो.

लातूरहून सकाळी मोबाईलवर मेसेज यायचा, "हाय का?" मी बघायचो आणि उत्तर द्यायचो, "हाय." दुसरं काही नाही. ना तब्येत, ना हवापाणी. मला राग यायचा. मग मेसेजची वाटही पाहायचो.

तो तपकिरी स्वेटर खुर्चीच्या पाठीवरच राहिला होता. लातूरला पाठवू का विचारलं तर त्या विषयावर उत्तर नाही. शेवटी एका रविवारी अर्धापूरला जायच्या आधी मी तो घेऊन इतवाऱ्यात भाईंकडं गेलो. भाईंनीच दार उघडलं. पोट सुटलं होतं, आवाज मात्र तोच होता. स्वेटर हातात घेऊन त्यांनी आधी कोपराचं ठिगळ चाचपलं.

चहा आला. भाभी कप ठेवून आत गेल्या. भाई हळू आवाजात म्हणाले, "एक खरं सांगा. तिनं ते बंद केलं असतं, तर चित्र लवकर दिसलं असतं का?"

"दिसलं असतं. थोडं लवकर."

"आन् बंद केल्यानं काय बिघडलं असतं?"

"त्या दिवशी? काहीच नाही. पण ते बघितल्यावर कळलं. बघायच्या आधी कोणालाच माहीत नव्हतं."

भाई हसले. "ती बी असंच बोलते. डॉक्टर मला म्हनला, हाताला त्यानं काय फरक पडला न्हाई. मी म्हनलो, हे तिनं आमच्या बायकोला कामून न्हाई सांगितलं? खोटं बोलायला थोडीच लागत होतं? नुसतं हे बी सांगितलं असतं तर घर ऱ्हायलं असतं." मग ते उठले आणि मला मधल्या दारापाशी घेऊन गेले. त्यांच्या बाजूची कडी काढलेली होती. त्यांनी उजव्या हातानं दार ढकललं. दार थोडंसं हललं आणि पलीकडच्या कडीवर अडलं.

"आमची तर मी घरी आल्यावर आठ दिवसांत काढली. बायको लावते, मी काढतो. आता तिनं लावायचं सोडलं. तिकडनंच लावून गेली ना ती, म्होरच्या दारानं. तिला माहीतच न्हाई."

"तुम्ही फोन का नाही केलात?"

"केला. तब्येत विचारते आन् ठेवते. माझं ऐकतच न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा मेसेज आला. तिचा म्हणतो, कारण त्या क्षणी मला त्या आपा नव्हे, कोणाची तरी धाकटी बहीण वाटल्या. "हाय का?" मी सर्व्हरला विचारलं, बघितलं आणि "हाय" लिहिलं. मग जरा थांबून खाली लिहिलं, "काल इतवाऱ्यात गेलो होतो. मधल्या दाराला भाईंच्या बाजूनं कडी नाही. मी स्वतः बघितलं आहे."

उत्तर आलं नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशी मेसेजच आला नाही. असं कधी झालं नव्हतं. मी पहारा बघितला, चालू होता, पण सांगायचं कोणाला? सकाळभर माझं कशात लक्ष लागेना. आपण नको तिथं नाक खुपसलं, आता तेवढाही धागा तुटला, असंच धरून बसलो होतो.

दुपारी भाईंचा फोन आला. मागं भांड्यांचा आवाज येत होता.

"लातूरच्या गाडीनं आली," ते म्हणाले. "आमची बायको अजून बोलंना, पन ताट वाढून राहिली. आधी म्होरचं कुलूप वाजलं. मग आम्ही इकडं बसलेलो, आन् पलीकडनं कडी निघाली."